तलावाकाठी झाडाखाली तंबू: दिवसाची जागा वेगळी, रात्रीची वेगळी

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. नागपूरचे एक भाऊ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन कुटुंबं घेऊन, मोठे चार आणि पोरं तीन, त्यातलं सगळ्यात लहान पाच वर्षांचं, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या बाजूला जंगलातल्या एका तलावाजवळ दोन रात्री तंबूत राहायला जाणार आहेत. जागा कॅम्पिंगसाठीच ठेवलेली आहे, दाट सावली आहे, पाणी वीस पावलांवर. विचारतात की तंबू पाण्याला किती खेटून लावता येईल, तंबू कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि शेकोटी चालते का.

भाऊ, मी भंडाऱ्याकडचा, अठरा वर्षं झाली शाळा-कॉलेजच्या पोरांची निसर्ग शिबिरं घेतो, जास्त करून गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर, अधूनमधून चंद्रपूर-गडचिरोलीकडं. तुमचे तीन प्रश्न वाचले पण खरा प्रश्न त्यात आलाच नाही असं मला वाटते. कंपनी कोणतीही घ्या, तंबू चुकीच्या जागी लावला तर रात्र वाईटच जाते, आणि तुम्ही जागा मनात आधीच ठरवून टाकली, झाडाखाली आणि पाण्याजवळ. फोटोत ती जागा छानच दिसते. माझं म्हणणं एवढंच की एक नाही, दोन जागा ठरवा. दिवसभर बसायची, स्वयंपाकाची, पोरं खेळायची जागा सावलीत, आणि झोपायची जागा वेगळी, पाण्यापासून निदान शंभर पावलं दूर, थोडी उंचावर. आता काहून ते सांगतो.

आधी थंडीचं बघू. आपल्याकडं लोकांना उन्हाळाच आठवते, पण नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशावर आला होता, ते शहरात, आणि जंगलातल्या खोलगट जागेत शहरापेक्षा जास्तच गारवा असते. तलावाचं पाणी स्वतः तेवढं गार नसते बरं का, पहाटे हात घालून बघा, जमिनीपेक्षा कोमट लागते. म्हणूनच त्यातून वाफ उठते, सकाळी तलाव धूर सोडून राहिला असं दिसते ना, तेच ते. ती वाफ काठावरच्या गार हवेत थांबते आणि तुमच्या तंबूवर दव होऊन बसते. वरून गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत खाली येते आणि तलावाच्या काठाला, खोलगट भागात साचते. म्हणजे काठावर झोपणाऱ्याला थंडी आणि ओल दोन्ही. त्याच काठावरून शंभर-दीडशे पावलं वर चढलं, माणूसभर उंची जरी मिळाली, तरी फरक अंगाला कळते.

माझी पहिली-दुसरी वर्षं अशीच गेली. एकदा तंबू अगदी पाण्याला लावले, पोरं खूश, आणि पहाटे चारला सगळे उठून बसले, ब्लँकेट ओली, तंबूच्या आतून पाणी ठिबकून राहिलं. मला वाटलं तंबू गळका आहे, भाड्यानं देणाऱ्याशी भांडलोसुद्धा. तंबू चांगला होता. सहा पोरांच्या श्वासाची वाफ होती ती, आणि मी थंडीच्या भीतीनं सगळ्या झडपा बंद करून ठेवल्या होत्या. तेव्हापासून थंडी कितीही असो, वरच्या दोन्ही जाळ्या उघड्या ठेवतो, आणि अंगावर एक पांघरूण जास्त घेतो. त्याच पहाटे गावच्या म्हशीपण आल्या पाण्यावर, आमचे तंबू त्यांच्या रोजच्या वाटेत. दोन दोऱ्या तुटल्या, एक पोरगी रडली, म्हशींना काही फरक पडला नाही.

आता झाडाचं. इथं सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही, झाड कोणतं आणि महिना कोणता त्यावर आहे. डिसेंबरात झाडाखाली झोपायचा एक खरा फायदा आहे, मोकळ्या जमिनीची ऊब रात्री आभाळाकडं निघून जाते, वर फांद्यांचं छत असलं तर ती काही अंशी अडून राहते, म्हणून झाडाखाली दव कमी पडते. सकाळी बघा, मोकळं गवत ओलं चिंब आणि आंब्याखालचं जवळजवळ कोरडं. म्हणून मी झाडाच्या विरोधात नाही. पण मान वर करून बघितल्याशिवाय तंबू लावायचा नाही हा माझा नियम आहे. तीन गोष्टी बघतो. वाळलेली फांदी अडकून बसली आहे का. खोड पोकळ आहे का, बुंध्याशी भुसा पडला आहे का. आणि मोहोळ आहे का.

सालई, सावर अशा ठिसूळ लाकडाच्या झाडांखाली मी कोणाला झोपू देत नाही, वारा नसतानाही फांदी पडलेली पाहिली आहे. उभं वाळलेलं झाड असलं तर त्याच्या उंचीच्या दीडपट लांब. त्यापेक्षा तलावाच्या पारीवरची, म्हणजे बांधावरची, जुनी आमराई असते, चिंच असते, जांभूळ असते, ती झाडं गावानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली, त्यांच्या कडेला, म्हणजे छताच्या बाहेरच्या टोकाखाली, पूर्वेकडून उघडी जागा शोधा. पूर्व मोकळी पाहिजे, काहून की सकाळचं ऊन तंबूवर लवकर पडलं तर नऊ वाजेपावेतो तंबू वाळून जाते, नाहीतर दुसऱ्या रात्री ओल्याच तंबूत झोपावं लागते.

मोहोळाचं जरा जास्त लिहितो, काहून की वाघ-अस्वलापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते. आग्या मोहोळ उंच झाडावर, सावरीवर, वडावर, अर्जुनाच्या आडव्या फांदीखाली लटकलेलं असते, काळसर, सुपाएवढं, आणि लांबून ते सालीसारखंच दिसते. खाली कोणी चूल पेटवली, धूर वर गेला, की संपलं. एका शिबिरात आमच्याच स्वयंपाक्यानं सावली बघून चूल मांडली, मी दुसरीकडं पोरांना पक्षी दाखवत होतो. वर मोहोळ आहे हे कोणी बघितलंच नाही. पाचव्या मिनिटाला सगळे पळत सुटले. नशीब की गाडी जवळ होती आणि काचा लागत होत्या. तरी एकाला तीस-पस्तीस डंख, रात्र दवाखान्यात. माश्या आल्याच तर हात हलवत उभं राहायचं नाही, तोंड कपड्यानं झाकून सरळ पळायचं, गाडीत नाहीतर घरात, आणि पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडण्याचाच धोका. डंख जास्त असले किंवा श्वास लागला, ओठ-तोंड सुजलं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना.

हेच जर तुम्ही मार्चात विचारलं असतं तर उत्तर वेगळं असतं. तेव्हा मोह फुलते, पहाटे मोहाखाली अस्वल फुलं खायला येते आणि माणूसपण त्याच वेळी टोपली घेऊन येतो, तेव्हा मोहाजवळ तंबू म्हणजे स्वतःहून अडचण. डिसेंबरात मोह रिकामा असते, पण बोरी बघा, बोरं पिकली की अस्वलाला तीही आवडतात. आणि पावसाळा उतरता असतानाचे महिने, ऑगस्ट ते ऑक्टोबर, मी पोरांना गवतात झोपवतच नाही. २०१८ साली नागपूरकडं स्क्रब टायफसची साथ आली होती ती आठवत असेल, गवत-झुडपातल्या बारीक चिगर किड्यांच्या चाव्यातून होते. डिसेंबरात धोका उतरतो, शून्य होत नाही, म्हणून गवतात लोळून आलेल्या पोरांची अंघोळ आणि कपडे बदलणं करूनच घ्या. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला जंगलात राहून आलो हे आठवणीनं सांगा, आणि अंगावर काळी खपली पडलेला डाग दिसला तर तोही दाखवा. वेळेत कळलं तर औषध साधं आहे.

जनावरांचं लोक सगळ्यात जास्त विचारतात. खरं उत्तर गावात मिळते, मोबाइलवर नाही. तुम्ही म्हणता ती जागा कॅम्पिंगची आहे, पण ती कोणाची, वन विभागाची, पाटबंधाऱ्याची, एमटीडीसीची म्हणजे पर्यटन महामंडळाची, की गावच्या समितीची, हे आधी विचारा आणि परवानगी कागदावर घ्या. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, अभयारण्याच्या आत १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, रात्री राहणं तर दूरच. राखीव जंगलालाही १९२७ च्या कायद्याचे नियम आहेत. कुठं सामूहिक वनहक्क मिळालेला असतो, गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ला २००९ मध्ये मिळाला तसा, तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. कायद्यासाठीच नाही, ते जंगल त्यांचं आहे म्हणून.

पोहोचल्यावर मी दोघांना भेटतो. एक वन विभागाचा बीटचा गार्ड, दुसरा तलावात जाळं टाकणारा ढिवर. गार्डला विचारतो, मागच्या पंधरा दिवसांत या बाजूला वाघ-बिबट फिरला का, गुरं मारली का. तो फक्त ‘नाही बा’ म्हणाला तर पुढं अजून दोन प्रश्न विचारतो, आणि ‘या बाजूनं नका राहू’ म्हणाला तर वाद घालत नाही, सामान गाडीत टाकतो आणि गावातल्या होमस्टेत किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपतो. असं तीनदा झालं. पोरं नाराज झाली, मी नाही. बिबट्याला कुत्रं आवडते, म्हणून घरचं कुत्रं सोबत नेऊ नका. अंधार पडल्यावर लहान पोरगं एकटं शू-शीला पाठवायचं नाही, मोठा माणूस आणि बॅटरी पाहिजेच. खाण्याचं सामान तंबूत नाही, गाडीत, काचा लावून, नाहीतर दिवसा वानरं आणि रात्री रानडुकरं.

ढिवराला विचारायचं ते पाण्याबद्दल. आपल्याकडचे हे तलाव, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या वेळचे, मोठ्या भागानं कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, नवेगावचा तलावसुद्धा कोलू पाटील कोहळीनं बांधला असं गावात सांगतात. वरून शांत दिसतात पण आत गाळ असते, कमळाचे देठ असतात, जाळी असतात, शिंगाड्याचे वेल असतात. पट्टीचा पोहणारा त्यात अडकतो. जाळं कुठं आहे आणि उतार कुठं खोल होते हे फक्त त्यांना माहीत. पोरांसाठी नियम सोपा ठेवा, घोट्याच्या वर पाणी नाही, आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय काठावर जायचंच नाही. त्यांचा डोंगा सोडून फोटो काढायला बसू नका, त्याच्यावर त्यांचं पोट आहे. मासळी मिळाली तर विकत घ्या, ताजी असते.

साप. थंडीत कमी दिसतात म्हणून लोक निवांत होतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा इतका बारीक की झोपेत कळतही नाही, सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू घ्या, कंपनीच्या नावापेक्षा हे महत्त्वाचं. चेन कायम बंद, बूट आत, सकाळी झटकून घालायचे. कोणाला चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. माणूस हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन, आणि नेटवर्क नसलं तर वाट बघत न बसता गाडीत घालून निघायचं. सापाचं औषध असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवा, तिथं गेल्यावर नाही.

शेकोटीचं, तुम्ही खास विचारलं म्हणून. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा आगीचा हंगाम असते, तेव्हा प्रश्नच नाही. डिसेंबरात जागेच्या मालकानं परवानगी दिली आणि आधीपासूनची चूल असली तरच, नवी जागा काळी करायची नाही, जंगलातलं लाकूड उचलायचं नाही, सरपण गावातून विकत घ्या. मी स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी नेतो. मात्र रोडगे खायचे असले तर गोवऱ्यांशिवाय चव नाही हे मी मान्य करतो, तेव्हा गावातल्याच एखाद्या बाईला सांगतो, त्यांच्या अंगणात रोडगे आणि वांग्याची भाजी, आम्ही जेवून परत येतो, त्यांना पैसे मिळतात आणि जंगलात जाळ होत नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, निखाऱ्याची घमेली किंवा पेटती शेगडी तंबूत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसते, माणूस झोपेतच जाते.

मग ऊब कशानं येणार? खालून. थंडी वरून लागते असं वाटते, पण अर्धी जमिनीतून येते, आणि लोक वर तीन ब्लँकेट घेऊन खाली नुसती चादर टाकतात. डिसेंबरात आपल्याकडं धानाची मळणी चालू असते, शेतकऱ्याकडून कोरडी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घ्या, झटकून आधी उन्हात पसरा, म्हणजे उंदीर-विंचू काही असलं तर निघून जाते, मग चार बोटं जाडीचा थर, त्यावर ताडपत्री आणि त्यावर तंबू. महागड्या गादीपेक्षा मला हे चांगलं वाटते. जाताना तणीस परत द्यायची, गुरांचा चारा आहे तो.

तंबू तुमच्यासाठी दोन घ्या, प्रत्येकी चार माणसांचा लिहिलेला. चारचा म्हणजे खरं तीन मोठ्यांचा समजा, बॅगा आत येतात. बाहेरचं आवरण तंबूला चिकटलं नाही पाहिजे, मधात हात जाईल एवढी फट. भाड्यानं घेतला तर घरी अंगणात एकदा उभा करून बघा, आमच्याकडं एकदा दांड्या तीन आणि तंबू चार निघाले होते, आणि ते कळलं संध्याकाळी सातला.

याच्यावरून वेळेचं आलं. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास बुडते, जंगलात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येते. कोहमाऱ्यावरून जायचं तर नागपुरातून सकाळी सातला निघा, मधात चहा-नाश्ता धरून दुपारपावेतो आरामात पोहोचता. झाडावर बघणं, गार्डला भेटणं, म्हशींची वाट ओळखणं, हे उजेडाचं काम आहे. चारच्या आत तंबू उभे. दिवसाची बैठक मात्र तुमच्या त्या सावलीत पाण्याजवळच ठेवा, तिथंच मजा आहे, चटई टाका, दुर्बीण ठेवा. थंडीत पट्टकादंब हंस, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पाहुणे येतात, गोंदियाच्या तलावांवर नशीब असलं तर सारसाची जोडी. स्पीकर लावला तर पक्षी तलावाच्या पलीकडं जातात आणि दोन दिवस इकडं फिरकत नाहीत, म्हणून गाणी घरी.

पिण्याचं पाणी तलावाचं नको. नागपुरातून किंवा गावच्या नळावरून वीस लिटरचे कॅन भरा, मी थंडीतही पिणं-स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरतो. शौचाला जागेवर संडास असला तर तोच, नसला तर पाण्यापासून शंभर पावलांच्या बाहेर वीतभर खड्डा, नंतर माती. ओले टिश्यू, कचरा, सगळं पिशवीत घालून परत नागपूर.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांचं उत्तर: वीस पावलं जवळ आहे, शंभर करा, कंपनी कोणतीही, तळ शिवलेला आणि चेन नीट, शेकोटी विचारून, नाहीतर गावात रोडगे.

हो, एक राहिलं. जाण्याआधी गावात फोन करून त्या रात्री नाटक आहे का ते विचारा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा) आणि नाटकांचा सीझन असते, पडदा रात्री उशिरा उघडते आणि पहाटेपावेतो लाउडस्पीकर चालते, दोन किलोमीटरवर तंबूत प्रत्येक डायलॉग ऐकू येते. शांतता पाहिजे असली तर तारीख बदला. मी असतो तर तारीख तीच ठेवली असती, पोरांना दुपारी झोपवलं असतं आणि रात्री तिकीट काढून नाटकाला गेलो असतो. तलावाचं आणि गावाचं नाव टाका, त्या बाजूला मी राहिलो असेन तर आमराई कोणत्या पारीवर आहे ते सांगतो.